पोळ्याच्या आत

वर्धा जिल्ह्यात राहणाऱ्या माणसाला संडासाविषयी तक्रार करण्याचा अधिकार नाही. तसा कुठं शासन निर्णय निघालेला नाही, पण पाळला कसोशीनं जातो. पुण्या-मुंबईत कुणाच्या घरी बाथरूमचं काम निघालं तर नातेवाईक फोनवर 'अरेरे' म्हणतात, चार दिवस आमच्याकडे या म्हणतात, आणि कुणी येणार नाही याची खात्री असल्यानं आग्रहही करतात. आमच्या सेलूला काम निघालं तेव्हा शेजारचे काकाजी फाटकाशी आले, अंगणातल्या मलब्याकडे त्यांनी प्रसन्न मुद्रेनं पाहिलं आणि म्हणाले, "बापू तर स्वतःच्या हातानं मैला उचलत." यावर काय बोलणार?

काम निघण्याचं कारण साधं होतं. संडास-बाथरूम वडिलांनी घर बांधलं तेव्हाचं, एकत्र, आणि घरात तेवढं एकच. लोखंडी पाइप आतून गंजून इतके बारीक झाले होते, की बादली भरेपर्यंत माणसाची आंघोळीची इच्छा मरून जायची. भिंतीपलीकडे देवघर. तिथं ओल उतरली, गजानन महाराजांच्या तसबिरीला बुरशी धरली, तेव्हा आईनं विषय हाती घेतला. शिवाय तिचे गुडघे. डॉक्टरांनी कमोड बसवायला सांगितलं होतं. "खुर्चीवर बसून हे होत असते का?" असं ती डॉक्टरांनाच विचारून आली होती.

मिस्त्री आला. भिंतीवर बोटाच्या पेरानं टकटक केलं, कान लावला आणि म्हणाला, "पोकळ बोलून राह्यली जी." मग दारात उकिडवा बसून आत बराच वेळ पाहिलं, चहा घेतला आणि निकाल दिला, "पोळ्याच्या आत मोकळे करतो तुमाले." कोणत्या सालचा पोळा, ते बोलला नाही.

तोडायचं काम मात्र वेळेवर झालं. तोडायच्या कामाला कधीच उशीर होत नाही, हे मी सरकारी इमारतींच्या बाबतीतही पाहिलं आहे. ब्रेकरवाला पोरगा सकाळी आला आणि दुपारपर्यंत भांडं, फरशी, पाइप आणि कुणी न सांगितलेली खिडकीची चौकट, सगळं बाहेर होतं. रेजांनी घमेल्यांनी मलबा आणून तुळशीशेजारी ओतला. तो उचलून नेणं 'आपल्या रेटमधी नाही' हे तो ओतून झाल्यावर कळलं. धूळ येऊ नये म्हणून बायकोनं दाराला ओली चादर लावली होती. धुळीनं चादरीचा मान राखला आणि ती खिडकीतून आली. दह्याच्या गंजावर, लोणच्याच्या बरणीच्या झाकणाच्या आट्यांत, चष्म्याच्या बंद घरात, कुलूपबंद कपाटातल्या इन्कम टॅक्सच्या फायलीत, सगळीकडे तीच लालसर भुकटी. फायलीत ती कशी शिरली हे मिस्त्रीला विचारलं. तो म्हणाला, "बारीक असते जी ते."

घरातला एकुलता एक संडास फोडल्यावर जायचं कुठं, याचा विचार प्रत्येकानं आपापला करून ठेवलेला असतो आणि कुणीच बोललेलं नसतं. पहिल्या संध्याकाळी ते बोलावं लागलं. ठरलं असं, की आई काकाजींकडे, बायको आणि मुलगी समोरच्या वहिनींकडे, आणि मी जिथं जागा मिळेल तिथं.

समोरच्या वहिनी फार चांगल्या. इतक्या चांगल्या, की मी यायच्या आधी गिझर लावून ठेवत आणि तो लावून ठेवल्याचं मला सांगत. त्यांच्या बाथरूमची फरशी अशी चकचकीत, की आंघोळीनंतर मी स्वतःच्या टॉवेलनं ती पुसून काढायचो आणि ओलाच बाहेर यायचो. दाराशी तीन पायपुसणी. कोणतं ओल्या पायांचं, कोणतं कोरड्या पायांचं आणि कोणतं नुसतं शोभेचं, हे विचारायची हिंमत शेवटपर्यंत झाली नाही. मी तिन्हींवरून उडी मारून जात असे.

तिसरी सोय कोपऱ्यावरच्या घरात होती. घरमालक बँकेत, बदली झालेली, चावी किराणा दुकानात ठेवलेली. त्यामुळे तिथं जायचं म्हणजे दुकानात जायचं, आणि दुकानात नुसती चावी मागणं बरं दिसत नाही. 'शंभर ग्रॅम जिरं द्या, आणि ती चावी.' आमच्या घरात आज एवढं जिरं आहे की मुलीच्या लग्नातल्या फोडण्या त्यात निघतील. दुकानदार भला माणूस. एखाद्या सकाळी माझ्या चेहऱ्याकडे पाहून तो जिरं न मोजताच चावी पुढे करी आणि म्हणे, "हिशेब मागून होईल जी."

टॉवेल, साबणदाणी आणि कपड्यांची पिशवी घेऊन सकाळी रस्त्यानं जाताना चेहरा कसा ठेवावा, हे कुठं शिकवलेलं नाही. देवळात चाललोय असा ठेवावा तर हातात मग्गा. सेलूत प्रश्न न विचारता माणसाला सोडत नाहीत. जाताना "आंघोळीले का जी?" आणि येताना "झाली का जी?" मुलीच्या मुख्याध्यापकांनी भर चौकात थांबवून तिच्या गणिताचा विषय काढला. सर बोलताना सतत मग्ग्याकडे पाहत होते. गणित सुधारलं पाहिजे यावर आमचं लगेच एकमत झालं.

काकाजींचं न्हाणीघर दिसायला फुकट होतं. बादलीच्या आत लाल ऑइलपेंटनं एक रेघ मारलेली, साधारण निम्म्यावर. "माणसाला एवढं पाणी पुरते," एवढीच सूचना. पण काकाजी निवृत्त शिक्षक आहेत आणि तास घेतल्याशिवाय त्यांना करमत नाही. दाराबाहेर स्टूल टाकून ते इतिहास सांगत, आणि आतल्या माणसाला अधूनमधून 'हं' म्हणावं लागे. १९३५ साली बापू वर्ध्याला मगनवाडीत राहत होते. लागूनच सिंदी गाव. लोक रस्त्याकडेला बसायचे, आणि बापूंची माणसं फावडी-बादल्या घेऊन ते उचलायला जायची. गावकरी काही बसायचे थांबले नाहीत, हेही काकाजी प्रामाणिकपणे सांगत. त्याआधी १९३२ मध्ये अप्पासाहेब पटवर्धनांनी रत्नागिरीच्या तुरुंगात संडास साफ करण्याचं काम मिळावं म्हणून अन्न सोडलं, आणि येरवड्याला असलेल्या बापूंनी त्यांच्या पाठिंब्याला उपास धरला. "आणि तुम्ही शेजारी यायला कुरकुरता," काकाजी बाहेरून म्हणाले. मी आतून 'हं' म्हटलं. उपास करून संडास मिळत असेल तर मीही तयार होतो, पण मिस्त्रीला उपासाचं काही वाटेल अशी लक्षणं नव्हती.

विनोबांची गोष्ट तर आमच्या वाटेवरचीच. सेलूहून वर्ध्याला जाताना पवनार लागतं. १९४६ च्या सुमाराला विनोबा तिथून खांद्यावर फावडं टाकून रोज सुरगावला चालत जात आणि गावातला मैला साफ करत. एके दिवशी वाटेतल्या पाण्याला पूर आलेला. विनोबांनी अलीकडच्या काठावरून पलीकडच्या माणसाला ओरडून सांगितलं, की देवळात जाऊन देवाला निरोप दे, गावचा सफाईवाला आला होता, पूर आहे म्हणून परत गेला. काकाजींचे डोळे ही गोष्ट सांगताना भरून येतात. मला ती ऐकून आमचा प्लंबर आठवला. त्याच्या-आमच्यामध्ये नदी नाही, सरळ डांबरी रस्ता आहे, आणि खिशात दोन सिमकार्डं आहेत. 'उद्या नवाले' म्हणून गेलेला हा माणूस देवाला तर सोडाच, पानठेल्यावरसुद्धा निरोप ठेवत नाही.

मिस्त्री सिंदीचा. मगनवाडीजवळची नव्हे, सिंदी रेल्वे. तिथला तान्हा पोळा ज्यानं पाहिला नाही त्यानं काही पाहिलं नाही, असं मिस्त्रीचं मत आहे, आणि त्यात तथ्य आहे. पोरं लाकडी नंदी चाकांवर सजवून आणतात, काही तर पोराच्या बापाहूनही उंच. त्यामुळे पोळा जवळ आला तसा आमच्या घरातला मिस्त्री विरळ होत गेला. त्याच्याकडे बैल नाही, शेत नाही. तरी बैलांचे खांदे शेकायच्या दिवशी तो आला नाही, पोळ्याला आला नाही, तान्ह्या पोळ्याला तर प्रश्नच नव्हता. पुढं आला तेव्हा म्हणाला, "आता काही सण नाही जी मधी." महालक्ष्म्या उंबऱ्यावर होत्या.

टाइल्सचं प्रकरण वेगळंच. देशातल्या बहुतेक टाइल्स गुजरातेत मोरबीला भाजतात, आमच्याही तिथल्याच. ट्रान्सपोर्टवाल्यानं माल सेलूला पोचल्याचं कळवलं. दिवसभर आम्ही ट्रकची वाट पाहिली. माल सेलूला उतरलाच होता, पण परभणी जिल्ह्यातल्या. मी काकाजींना सांगितलं. त्यांना अतिशय आनंद झाला. बापू ३० एप्रिल १९३६ ला ज्या गावी राहायला गेले त्याचं नाव शेगाव. त्यांची पत्रं गजानन महाराजांच्या शेगावला जाऊ लागली. म्हणून १९४० मध्ये नाव बदलून सेवाग्राम केलं. "पत्रं चुकली म्हणून गावाचं नाव बदललं बापूंनी!" काकाजी म्हणाले. आमच्या टाइल्ससाठी सेलूचं नाव कोण बदलणार? वर्धा जिल्ह्यात एक आष्टी आहे आणि बीडला दुसरी, एक कारंजा आमचं घाडगे आणि एक वाशिमचं लाड. एवढी गावं ट्रान्सपोर्टवाल्याच्या तावडीत असताना जिल्ह्यातला कोणता माणूस बाथरूम काढायला धजतो, तेच नवल.

टाइल्स येईपर्यंत सिमेंटच्या कोब्यावर पाणी साठवून ठेवायचं होतं, ओल उतरते का ते बघायला. म्हणजे घरात पाणी भरलेलं बाथरूम होतं आणि आम्ही पाण्यासाठी दारोदार. त्या काळात पाहुण्यांना घेऊन सेवाग्रामला जाणं झालं. बापू कुटी मी लहानपणापासून पाहतोय. शाळेच्या सहलीत तिथली चटई पाहायची आणि साधेपणाविषयी निबंध लिहायचा असतो. या खेपेला मी न्हाणीघरापाशी थांबलो आणि हललो नाही. इव्हान इलिच हे विचारवंत १९७८ साली इथं आले होते, या झोपडीवर बोलले होते. तिच्यातल्या जागा मोजताना त्यांनी न्हाणीघर चांगलं ऐसपैस असल्याची नोंद केली होती. मातीच्या भिंती, वर कौलं, आणि आत माणूस दोन्ही हात पसरून उभा राहू शकतो. आमचं मूळचं पाच बाय सात. जुन्या प्लॅस्टरवर नवं प्लॅस्टर, त्यावर टाइल, असं करत ते आता असं झालंय की साबण उचलायला वाकलं की दार उघडतं. साधं राहावं हे मला मान्य आहे. पण बापूंइतकं साधं राहायला जागा लागते.

महालक्ष्म्या ठरल्या दिवशी आल्या; त्यांना मिस्त्रीला विचारावं लागत नाही. आंबील, कढी, सोळा भाज्या, पुरण, घरात पन्नास माणसं. हात धुवायला अंगणात टब, मलब्याच्या बाजूला. मलबा दिसू नये म्हणून आईनं त्यावर आंब्याचे डहाळे खोचले होते. बऱ्याच बायकांनी तिथं हळद-कुंकू वाहिलं. कमोड अजून खोक्यात, खोकं बैठकीत, वर सतरंजी. खुर्च्या कमी पडल्या तेव्हा यवतमाळचे मामाजी त्यावर टेकले आणि पंगत उठेपर्यंत तिथंच बसून सुपारी कातरत होते. बैठक पक्की आहे, असं जाताना त्यांनी आवर्जून सांगितलं.

पुढचं काम भराभर झालं, म्हणजे चुकायचं तेही भराभर चुकलं. फरशी बसली, नळ लागले, मी पहिली बादली ओतली. पाणी जाळीकडे जाईना. मी वाकून पाहिलं. साबणाचा एक बुडबुडा जाळीपासून वीतभर अंतरावर तयार झाला, थोडा घुटमळला, आणि सावकाश वळून उंबऱ्याकडे, म्हणजे देवघराकडे, निघाला. मिस्त्रीनं ते पाहिलं. लेव्हलपाइप लावली, डोळा बारीक केला आणि म्हणाला, "ढाळ त बरोबर हाय जी, पाणीच तिकडं जाऊन राह्यलं." आमच्याच तालुक्यातून जाणारा समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटर धावतो. डोंगर फोडून त्याचे चढ-उतार जुळवले. हे मी मिस्त्रीला ऐकवलं. तो म्हणाला, "त्याइच्यापाशी मशीन राह्यते." शेवटी जाळीभोवतालच्या टाइल्स उखडून पुन्हा बसवल्या. त्या छटेचा माल संपला होता, तेव्हा तेवढा चौकोन जरा पिवळट आहे. आत जाणारा प्रत्येक जण बाहेर येऊन त्याविषयी विचारतो.

काम पुरं झालं तेव्हा पितृपक्ष लागला होता. कमोड चकाकत होता, फ्लशची टाकी भरली होती, मी टॉवेल खांद्यावर टाकला होता. आई दारात आडवी. "पितृपक्षात नवी वस्तू वापराले काढत नाहीत. घटस्थापनेले करू." मी म्हटलं, जुनी वस्तू फोडली आहे. ती म्हणाली, "आतापर्यंत नाही का भागलं?" शेवटचा आधार म्हणून मी काकाजींकडे गेलो. या बाबतीत तरी ते सुधारकाच्या बाजूनं बोलतील असं वाटलं होतं. काकाजींनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, "विलायतेला जाताना बापूंनी आईला शब्द दिला होता. आणि पाळला."

मी परत आलो तर मिस्त्री उरलेल्या पैशांसाठी आलेला. "एक डाव टेस्टिंग करून घेतो जी," म्हणाला, आत गेला आणि कडी लावली. मी आईकडे पाहिलं. आई तांदूळ निवडत होती.

"तो बाहेरचा हाय," ती म्हणाली, "त्याले आपले पितर लागत नाहीत."

बऱ्याच वेळानं आतून फ्लशचा आवाज आला. मिस्त्री हात पुसत बाहेर आला, चेहऱ्यावर समाधान. "फस्क्लास झालं जी. बिनधास्त वापरा."

मी त्याचे पैसे दिले आणि जिरं आणायला निघालो.