नानांची 'मुंबई'

निवृत्त माणूस गावी परतला की पहिल्या वर्षी संडास बांधतो, दुसऱ्या वर्षी कुंपण घालतो आणि तिसऱ्या वर्षी कलाकार होतो. सिंधुदुर्गातले आमचे नाना सध्या तिसऱ्या वर्षात आहेत.

छत्तीस वर्षं बँकेत दुसऱ्यांच्या सह्या ताडून पाहिल्या. आता आपली सही चित्राच्या कोपऱ्यात दिसावी, एवढीच त्यांची इच्छा. त्यासाठी माडाच्या बागेतला जुना मांगर रिकामा झाला. गवताचे भारे, काजूबियांची पोती, नांगर, जू सगळं बाहेर आलं. जू तेवढं भिंतीवर परत गेलं, कारण आता ते शिल्प होतं.

चित्रकाराला उत्तरेचा उजेड लागतो, तो दिवसभर फारसा बदलत नाही. म्हणून जांभ्याच्या भिंतीत उत्तरेला खिडकी फोडली. उत्तरेला शेजाऱ्यांचा फणस निघाला. मग छपरात काचेची कौलं बसवली. उजेड आला; मिरगात पाणीही आलं. श्रावणापर्यंत कोऱ्या कॅनव्हासवर बुरशीने असं काही निसर्गचित्र काढलं, की नाना दोन दिवस तिच्यावर जळत होते.

"ह्यांचं चित्र कुठवर आलं?" विचारलं, की काकू म्हणत, "खिडकीपर्यंत."

दोष माणसांचा, असं नानांचं मत. माजी बँकवाला म्हणून जो तो फॉर्म भरून घ्यायला यायचा. यावर बर्नार्ड शॉचा तोडगा त्यांना सापडला. इंग्लंडमधल्या एयॉट सेंट लॉरेन्स गावी शॉची लिहिण्याची खोपटी बागेत होती. उन्हाकडे तोंड करून ती चक्क फिरवता यायची. तिचं नाव 'लंडन'. नको असलेला पाहुणा आला की 'साहेब लंडनला आहेत' असं सांगायचं, आणि तेही खोटं न बोलता.

नानांनी मांगराला 'मुंबई' नाव दिलं.

आठवडाभरात गावाच्या लक्षात आलं, की नाना रोज सकाळी मुंबईला जातात आणि दुपारी जेवायला घरी असतात. कसे, हे कोणी विचारलं नाही. एवढंच म्हणाले, "रोज जातास, तर आमच्या झिलाक एवढां पोचवा."

तांदूळ आले, कोकमं आली, फणस तर आलेच. मांगर पूर्वीसारखा आढ्यापर्यंत भरला. नानांचा महागडा ब्रशही अखेर रंगात बुडाला : भांडुप, लालबाग, नालासोपारा.

प्रत्येक पोत्याच्या कोपऱ्यात सही करायला मात्र ते विसरत नाहीत.