अण्णांची टेप

परदेशातल्या कुठल्याही महाराष्ट्र मंडळात एक अध्यक्ष असतात, एक माजी अध्यक्ष असतात, त्या दोघांचं आपसांत बोलणं नसतं, आणि आत कार्यक्रम रंगात आलेला असताना बाहेर पार्किंगमध्ये डोकं डॅशबोर्डाखाली आणि पाय दाराबाहेर अशा अवस्थेत एक अण्णा असतात. लंडनचं मंडळ १९३२ सालचं. तेव्हाच्या अण्णांकडे गाडी नसणार. ते सायकल उलटी करून बसत असावेत.

सध्याचे अण्णा हॅरोत राहतात. मूळचे सांगलीचे, वय पासष्टीच्या आसपास, गाडी २००६ ची, जपानी, पेट्रोलवरची. ती बदलत का नाही असं कुणी विचारलं की ते म्हणतात, "तिला काय धाड भरलीय?" लोक त्यांना चिकट म्हणतात, पण ते खरं नाही. चिकट माणूस पैसे वाचवतो. अण्णा वस्तू वाचवतात, आणि त्यापायी पैसे किती जातात याचा पत्ता वहिनींना लागू देत नाहीत.

२०२३ चा उन्हाळा अण्णांना एका हाताने देणारा आणि दुसऱ्या हाताने काढून घेणारा ठरला. २९ ऑगस्टपासून यूलेझ हा धुराचा कर सगळ्या लंडनला लागू झाला. धूर ओकणाऱ्या गाडीला दिवसाला साडेबारा पौंड. सगळ्यांना वाटलं, आता अण्णांची गाडी भंगारात. पण नियम असा की पेट्रोलची गाडी युरो ४ मानकाची असली तरी चालते, डिझेलला मात्र युरो ६ लागतं. म्हणजे २०१४ ची चकचकीत डिझेल घेतलेला शेजारी साडेबारा पौंड भरणार आणि अण्णांची २००६ ची फुकट फिरणार. त्या आठवड्यात अण्णा काही काम नसताना गाडी काढून त्या शेजाऱ्याच्या दारावरून दोनदोनदा जात होते, असं वहिनी सांगतात.

काढून घेतलं ते त्याच्या आधीच, जुलैच्या अखेरीस. अॅशेस मालिका संपली आणि तिच्याबरोबर बीबीसीच्या लाँग वेव्हवरचं क्रिकेटही संपलं. अण्णांच्या गाडीतल्या जुन्या टेपला लाँग वेव्ह होतं. १९८ किलोहर्ट्झवर 'टेस्ट मॅच स्पेशल' लागायचं आणि स्कॉटलंडपर्यंत गेलात तरी स्टेशन बदलावं लागायचं नाही. त्यात एकच मेख होती. दुपारी बारा वाजून एक मिनिटाने आणि संध्याकाळी सहाला सहा मिनिटं कमी असताना, मैदानात काहीही चाललेलं असो, क्रिकेट थांबवून खलाशांसाठी समुद्राचं हवामान वाचायचे. लहानपणी बाळ ज. पंडितांच्या मराठी कॉमेंटरीवर वाढलेला हा माणूस ते ऐकून ऐकून उत्तर समुद्राचा जाणकार झाला. डॉगर, फिशर, जर्मन बाइट ही नावं ते अथर्वशीर्षाच्या ओघात म्हणतात. बोटीत मात्र ते एकदाच बसलेत आणि तेव्हा त्यांना उलट्या झाल्या होत्या.

आता तेच क्रिकेट डिजिटलवर, 'फाइव्ह स्पोर्ट्स एक्स्ट्रा' या स्टेशनवर. बीबीसीने डिजिटल रेडिओ सुरू केला १९९५ साली. २०२० च्या अखेरीपासून तर नव्या गाडीतल्या रेडिओला डिजिटल लागलंच पाहिजे असा इथे कायदा आहे. २००६ च्या गाडीचं काय, याबद्दल कायदा गप्प. अण्णांच्या दृष्टीने हे सरळ आमंत्रणच होतं.

मुलगा म्हणाला, "बाबा, फोनवर अॅप आहे. गाडीला जोडा, झालं." ही सूचना अण्णांनी ज्या नजरेने परतवली, तिला तोड नाही. आकाशातून फुकट येणारी गोष्ट फोनचा डेटा जाळून ऐकायची? आणि मुख्य म्हणजे, त्यात करायचं काय?

करायला भरपूर मिळेल असा उपाय त्यांनी निवडला. काडेपेटीहून थोडी मोठी एक डबी मिळते. ती डिजिटल पकडते आणि गाडीतल्या गाडीत एफएमच्या एखाद्या मोकळ्या जागी सोडते. जुन्या टेपला वाटतं एफएमच लागलंय. बरोबर एक पारदर्शक पट्टीचा एरियल येतो, तो काचेला आतून चिकटवायचा. त्याला तांब्याचा एक पातळ कागद असतो, तो काचेच्या कडेच्या खांबाचं प्लॅस्टिक उचकटून आतल्या पत्र्याला भिडवायचा. पट्टी एकदा चिकटली की काढून परत चिकटत नाही, हे माहितीपत्रकावर सात भाषांत लिहिलेलं होतं. वहिनी मांडीवर ग्लव्ह बॉक्सचं झाकण घेऊन, तोंडात दोन स्क्रू धरून बसल्या होत्या. त्यामुळे "तिरकी लागतेय" हे त्यांना वेळेवर सांगता आलं नाही.

आणि लंडनच्या एफएमवर मोकळी जागा शोधायची म्हणजे दादरला गणपतीच्या आदल्या दिवशी पार्किंग शोधण्यापैकी आहे. जिथे सरकारमान्य स्टेशन नाही तिथे कुणीतरी चोरून चालवलेलं असतं. हॅरोहून मंडळात, डॉलिस हिलला येईपर्यंत बूमराचा स्पेल तीनदा ढणढणाटात बुडायचा.

बरं, डिजिटलचं वागणंही एफएमसारखं नाही. एफएम अशक्त झालं तरी खरखरत का होईना बोलत राहतं. डिजिटल आहे तोवर स्वच्छ, आणि जायचं म्हटलं की कॉमेंटेटर चार शब्द बुडबुडतो आणि नाहीसा होतो. अण्णांच्या गाडीत तो सारखाच नाहीसा होऊ लागला. त्यांनी एरियलला दोष दिला, काचेला दिला, ट्रान्समीटरला दिला. शेवटी एक एक फ्यूज काढत बसले, तेव्हा गुन्हेगार सापडला. आरशामागे लावलेला डॅशकॅम. स्वस्त डॅशकॅम आणि चार्जर हे नेमका डिजिटल रेडिओ गुदमरेल असाच कचरा हवेत टाकतात. तो बसवला होता अण्णांनीच. त्याचं उद्घाटनही मंडळाच्या पार्किंगमध्ये, सगळ्यांना बोलावून झालं होतं.

दुसरा कुणी इथे थांबला असता. अण्णांनी डबी कपाटात ठेवली आणि अख्खी टेपच नवी मागवली. मग जुनी टेप ओढायच्या लोखंडी किल्ल्या, भोवतालची भोकं झाकायची चौकट, नव्या वायरी जुन्या वायरींना जुळवणारा जोड, स्टिअरिंगवरची बटणं चालावीत म्हणून आणखी एक डबी, अशी पार्सलं येत राहिली. ती घरी आली तर वहिनी मोजतील म्हणून कोपऱ्यावरच्या दुकानात उतरवून घ्यायची. एकूण खर्चात गाडीचं दुसरं एक चाक तरी आलं असतं, असं म्हणणारे लोक गाडीची किंमत फार धरतात. माझ्या मते निम्मी गाडी आली असती.

शेवटी टेप बसली. एकदाही न बुडबुडता वाजू लागली. आणि अण्णा उतरले. ते पार्किंगमध्ये दुसऱ्यांच्या गाड्यांच्या काचांना नाक लावून आत डोकावू लागले. नव्या गाडीवाल्यांच्या वाट्याला जरा कीव यायची. कुणाची २००९ ची फोर्ड दिसली की म्हणायचे, "ह्यात अजून एफएमच? सकाळी दहाला या घरी." जे गेले ते रात्री सुटले.

२०२५ साली ४ ऑगस्टला, ओव्हलच्या शेवटच्या सकाळी, इंग्लंडला ३५ धावा हव्या होत्या आणि चार विकेट हातात होत्या. घरात मुलगा कामाचा लॅपटॉप उघडून त्यावर अॅपमधून मॅच बघत होता. अण्णा बाहेर, दारातल्या उभ्या गाडीत. एवढा रेडिओ बसवलाय तर तो ऐकायचा नाही? पहिल्या दोन चेंडूंवर ओव्हर्टनने दोन चौकार मारले तेव्हा गाडी गप्प होती. मग सिराजने स्मिथला काढला आणि हॉर्न वाजला. लॅपटॉपवर स्मिथ अजून खेळत होता. अॅप अर्धा मिनिट मागे, डिजिटल रेडिओ दोनचार सेकंद. हा हिशेब मुलाच्या लक्षात ओव्हर्टनच्या वेळी, दुसऱ्या हॉर्नला आला. टंगच्या वेळी त्याने खिडक्या लावून घेतल्या. हॅरोतल्या त्या गल्लीत हॉर्न वाजवणं म्हणजे शिवी देण्याइतकंच. समोरची म्हातारी दारात येऊन उभी राहिली. पुढे, स्वेटरच्या आत हात बांधलेला वोक्स पलीकडच्या टोकाला उभा असताना, अॅटकिन्सनचा ऑफ स्टंप गेला. भारत सहा धावांनी जिंकला. लॅपटॉपवर मात्र सिराज अजून रनअपच्या टोकाकडे चालला होता आणि बाहेर हॉर्न थांबायचं नाव घेत नव्हता.

मुलगा तावातावाने बाहेर आला. अण्णा त्याला मिठी मारून, आता पेढे आणायलाच निघू या म्हणून किल्ली फिरवायला गेले. टक्, एवढाच आवाज झाला. पाच दिवस इंजिन बंद ठेवून रेडिओ आणि वर हे हॉर्न. बॅटरी बसली होती.

"आता बॅटरी काढली की लावलेली सगळी स्टेशनं पुसली जाणार ना हो?" वहिनींनी दारातून विचारलं.

"जाणार तर!" अण्णा म्हणाले आणि बाह्या सरसावत पाने आणायला गॅरेजकडे निघाले.