ठेव आमची, पत कोणाची?

मे महिन्याचं वीजबिल आलं की तुमसरात माणूस माणसाला एकच प्रश्न विचारतो, ‘किती आलं भाऊ?’ समोरचा एक आकडा सांगतो, दोघंही मान हलवतात आणि विषय संपतो. माझी पहिली तक्रार या प्रश्नाबद्दल आहे, कारण त्याच्या उत्तरातून काहीच कळत नाही. युनिट किती जळले, रीडिंग किती दिवसांचं होतं, मागची बाकी त्यात धरली आहे का, हे कोणी विचारत नाही. नवतपात दोन कूलर रात्रंदिवस चालवणाऱ्या घराचं बिल एका पंख्यावर राहणाऱ्या म्हाताऱ्या जोडप्याच्या बिलाशी ताडून पाहतात आणि मीटर पळतो असा निष्कर्ष काढतात. मीटरचा आकडा स्वतः वहीत लिहून ठेवलेला माणूस गल्लीत शोधून सापडत नाही.

दुसरी तक्रार तारखांची. बिलावर एक देय रक्कम असते, लवकर भरलं तर तिच्याहून थोडी कमी आणि मुदत उलटली तर थोडी जास्त. सात दिवसांत भरणाऱ्याला सुमारे एक टक्का सूट मिळते. उशीर केला तर सव्वा टक्का आकार लागतो. आता बिल येतं तुमसरात आणि भरतो पुण्यातला मुलगा. आई फोटो काढून पाठवते, त्यात नेमकी तारीख कापली जाते. मुलगा पगार झाल्यावर भरतो. सूट गेलेली असते, कधी मुदतही गेलेली असते. दीड हजारांच्या बिलावर हे नुकसान पंधरा ते पस्तीस रुपयांचं, म्हणून घरात त्याला कोणी नुकसान म्हणत नाही. भाजीवाल्या बाईशी मात्र त्याच घरात दोन रुपयांसाठी घासाघीस होते. हे मला पटत नाही.

तिसरी तक्रार पूर्णांक देयकाची. बिल दहा रुपयांच्या पटीत छापलं जातं आणि उरलेले रुपये-पैसे पुढच्या बिलात थकबाकी किंवा जमा म्हणून जातात. त्यामुळे वेळेवर भरणाऱ्याच्या बिलावरही थकबाकीच्या रकान्यात तीन-चार रुपये दिसतात. वडिलांच्या पिढीला हा रकाना अब्रूचा वाटतो. मी भरलं असताना बाकी कशी, म्हणून ते उन्हातान्हात कार्यालयाची पायरी चढतात. त्या रकान्याखाली ‘पूर्णांकामुळे’ एवढा एक शब्द छापला तर ही पायपीट वाचेल.

चौथी तक्रार अशी की बिलातले घटक कोणी वाचत नाही. स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार आणि या सगळ्यांवर घरगुती ग्राहकाला १६ टक्के वीज शुल्क. घराला कुलूप लावून माणूस महिनाभर मुलीकडे जाऊन आला तरी स्थिर आकार लागतो आणि त्यावर शुल्कही लागतं. वीज शुल्क सरकारचं, बाकीच्याला मंजुरी राज्य वीज नियामक आयोगाची. तरीही सगळा राग निघतो तो बिल वाटणाऱ्या पोरावर. त्याला दर ठरवता येत नाही, कमी करता येत नाही. त्याच्यावर ओरडणं बंद करा, ही माझी कळकळीची विनंती आहे.

पाचवी तक्रार घरातल्या कागदांची. पूर्वी बिलं तारेत ओवून भिंतीला टांगलेली असत आणि दहा वर्षांपूर्वीचा आकडा क्षणात सापडे. आता ती फोनमध्ये येतात आणि फोन भरला की लग्नाच्या फोटोंच्या आधी तीच पुसली जातात. जोडणी तर अनेक घरांत अजून आजोबांच्या नावावर आहे. आजोबा जाऊन काळ लोटला, नाव बदलायचं राहून गेलं. भावांची वाटणी झाली, शेत मोजलं, भांडी मोजली, पण वीजजोडणीवर जमा असलेली सुरक्षा ठेव कोणाच्या वाट्याची, हे कोणी विचारलं नाही. ती रक्कम दर महिन्याला बिलावर छापलेली असते.

या ठेवीपाशीच माझी मुख्य तक्रार आहे. राज्य आयोगाच्या २०२१ च्या वीजपुरवठा संहितेनुसार घरगुती ग्राहकाची सुरक्षा ठेव सरासरी मासिक बिलाच्या दुपटीइतकी असते. सरासरी बिल दीड हजाराचं असेल तर ठेव तीन हजारांची. वापर वाढला की फरकाचं वेगळं बिल येतं आणि ते हप्त्यांत भरता येतं. २००३ च्या वीज कायद्याच्या कलम ४७ प्रमाणे या ठेवीवर किमान बँक दराने व्याज द्यावं लागतं आणि ते बिलात वळतं होतं. ते जमा झालं का, हे पाहणारं घर मला अजून भेटायचं आहे. ठेवीचं वेगळं बिल पाहून मात्र ‘हे काय नवीन काढलं’ असं सगळेच म्हणतात.

पुरवठादार आपली पत तपासतो म्हणून ठेव घेतो. मग त्याची पत आपण का तपासत नाही? पतसंस्थेत पाच हजार ठेवताना आपण संचालकांची सात पिढ्यांची माहिती काढतो. इथे ठेव देऊन बसतो आणि त्या कंपनीचा ताळेबंद कसा आहे, हे आपल्या मनातही येत नाही.

खरं तर हे तुमसरला शिकवावं लागू नये. तालुक्यात चिखला आणि डोंगरी बुजुर्गला मॉयलच्या मँगनीज खाणी आहेत. त्या मँगनीजपासून मिश्रधातू करायला अफाट वीज लागते. एक टन सिलिको मँगनीजला चार हजार युनिटच्या आसपास. तुमसरजवळ माणेकनगरचा युनिव्हर्सल फेरो कारखाना बंद पडला आणि त्याच्या वीजथकबाकीचा विषय पुढे वर्षानुवर्षं चर्चेत राहिला. विजेचा हिशेब बिघडला की चूल कशी विझते, हे आपल्या भागातल्या कामगारांच्या घरांनी पाहिलेलं आहे. तरीही आपण स्वतःच्या बिलाची मागची बाजू उलटून बघत नाही.

शेजारच्या तिरोड्यात ३३०० मेगावॅटचा औष्णिक प्रकल्प उभा आहे. वितरण कंपनी अशा प्रकल्पांकडून वीज विकत घेते आणि त्यांचे पैसे थकवले की व्याज वाढतं. कोणत्या राज्याच्या वितरण कंपन्यांकडे वीज उत्पादकांचे किती पैसे थकलेत, हे केंद्र सरकारच्या ‘प्राप्ती’ या संकेतस्थळावर २०१८ पासून दिसतं. ऑगस्ट २०२२ मध्ये थकबाकीमुळे १३ राज्यांतल्या वितरण कंपन्यांना वीज बाजारातल्या खरेदी-विक्रीला मनाई झाली. त्या यादीत महाराष्ट्राचंही नाव होतं. तुमसरच्या पानठेल्यावर तेव्हा याची चर्चा व्हायला हवी होती. ती झाल्याचं मला आठवत नाही.

महावितरण ही २००५ मध्ये वीज मंडळाचं विभाजन होऊन झालेली राज्य सरकारची कंपनी आहे. तिला उद्या कुलूप लागेल अशी भीती नाही. तिची तूट मात्र ग्राहकापर्यंत येतेच. मागच्या वर्षांचा खर्च आणि वसुली यातला फरक आयोगापुढे मांडला जातो आणि पुढच्या दरात धरला जातो. एप्रिल २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना वीज मोफत आहे आणि तिचे पैसे राज्य सरकारने कंपनीला द्यायचे आहेत. उन्हाळी धान करणाऱ्याला हा मोठा आधार आहे आणि तो राहावा असं मला वाटतं. पण ते पैसे वेळेवर पोचतात का, हे विचारणं प्रत्येक बिल भरणाऱ्याचं काम आहे. २०२५ मध्ये २८ मार्चला दरांचा आदेश निघाला, लगेच त्याला स्थगिती मिळाली आणि २५ जूनला सुधारित आदेश आला. एवढ्या उलथापालथीत घरखर्चाचा अंदाज बांधायचा तर आकडे माहीत हवेत.

पुरवठादार खाजगी आणि कच्चा असला की काय होतं, ते ब्रिटनने पाहिलं. २०२१ मध्ये गॅसचे भाव भडकले आणि काही महिन्यांत तीसच्या आसपास वीज-गॅस पुरवठादार कंपन्या बुडाल्या. ग्राहकांचे आगाऊ भरलेले पैसे तिथल्या नियामकाने वाचवले, पण तो खर्च शेवटी सगळ्यांच्याच बिलांवर वाटला गेला. स्वस्त दर पाहून कंपनी निवडणाऱ्यांनी तिचा ताळेबंद पाहिला नव्हता.

हे दूरचं वाटत असेल तर आपल्या छपराकडे पाहा. पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटच्या सौर संचाला ७८ हजारांपर्यंत अनुदान मिळतं. विक्रेते दारोदार फिरत आहेत. पॅनेलवर २५ वर्षांची हमी, असं प्रत्येक जण सांगतो. माझ्या दाराशी आलेल्या एकाला मी विचारलं, ‘तुमची फर्म किती वर्षांची?’ तो म्हणाला, ‘काकाजी, दीड वर्ष झालं, पण काम एक नंबर आहे.’ त्याच्या कामावर माझा अविश्वास नाही. पण २५ वर्षांची हमी द्यायची तर देणारा २५ वर्षं टिकला पाहिजे. पॅनेल बनवणारी कंपनी कोण, हमी तिची की विक्रेत्याची, इन्व्हर्टरची हमी किती, पाच वर्षांच्या देखभालीचा करार लेखी आहे का, हे आधी विचारा. विक्रेत्याचा जीएसटी क्रमांक सरकारी संकेतस्थळावर टाकला की नोंदणी कधीची आणि विवरणपत्रं भरलीत का, हे कळतं. कंपनी असेल तर तिची स्थापना आणि वार्षिक हिशेब दाखल झालेत का, हे कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर दिसतं. मोबाइलवर दहा मिनिटांचं काम आहे. सोयरीक जुळवताना आपण यापेक्षा कितीतरी जास्त चौकशी करतो.

वितरण कंपन्यांची प्रगतिपुस्तकंही निघतात. पॉवर फायनान्स कॉर्पोरेशन दरवर्षी केंद्रीय ऊर्जा मंत्रालयासाठी त्यांना ए प्लसपासून सी मायनसपर्यंत श्रेणी देते. वीज विकत घेऊन पोचवण्याचा खर्च आणि मिळालेलं उत्पन्न यातली दरी, गळती, वसुली, उत्पादकांचे पैसे किती दिवसांनी दिले, हे सगळं त्यात तपासलं जातं.

म्हणून माझी मागणी साधी आहे. ज्या बिलावर आमची ठेव छापता, त्याच बिलावर आमच्या पुरवठादाराची यंदाची श्रेणी, उत्पादकांचं देणं, सरकारकडून येणं आणि आमच्या ठेवीवर दिलेलं व्याज, या चार ओळी मराठीत छापा. आणि तुमसरकरांनो, तुम्ही एक वही करा. दर महिन्याच्या एकाच तारखेला मीटरचा आकडा लिहा, बिलाशेजारी ठेवून ताडून पाहा, आजोबांच्या नावाची जोडणी आपल्या नावावर करून घ्या. चूक दिसली तर लेखी तक्रार करा. तिथे दाद मिळाली नाही तर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच आहे आणि त्यावर नागपूरला विद्युत लोकपाल आहे. तिथे वकील लागत नाही, पण वही लागते.