ऐपतीचा दाखला

१६१५ च्या नोव्हेंबरात इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो सुरतेहून मजल दरमजल करत आमच्या बुऱ्हाणपुरात पोचला. शहाजादा परवेझचा मुक्काम तेव्हा इथे होता. कोतवालाने पाहुण्याला सराईत उतरवलं. तिथल्या खोल्या पाहून साहेब इतका वैतागला, की त्या भट्ट्यांसारख्या आहेत असं त्याने रोजनिशीत लिहून ठेवलं आणि रात्री स्वतःच्या तंबूत जाऊन झोपला. दरबारात त्याने जमिनीला डोकं टेकायला नकार दिला आणि वर बसायला खुर्ची मागितली. खुर्ची मिळाली नाही, खांबाला टेकून उभं राहायची मुभा मिळाली. नजराण्यात दारूच्या बाटल्यांची पेटी होती. ‘नंतर आत बोलावतो, निवांत बोलू’ असं शहाजाद्याने सांगितलं खरं, पण पेटी आधी आत गेली आणि निवांत भेट राहूनच गेली. एवढं सगळं होऊनही इंग्रजांच्या वखारीला त्याचा होकार मिळाला.

या पूर्ण प्रकरणात रोसाहेबाला कुणी मागच्या सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट मागितलं नाही. इतिहासाची पुस्तकं ही बाब नोंदवत नाहीत, कारण ती लिहिणाऱ्यांपैकी कुणी युरोपच्या सहलीचा अर्ज भरलेला नसतो.

आम्ही भरला. आम्ही म्हणजे मी, आमची ही, तिचा धाकटा भाऊ आणि त्याची बायको. हिला स्वित्झर्लंड बघायचं होतं. सिनेमातल्या नट्या बर्फात शिफॉनच्या साड्या नेसून नाचतात, त्यांना थंडी कशी वाजत नाही, हा प्रश्न तिला लग्नाच्याही आधीपासून छळतो आहे. मी निवृत्त मास्तर, मेहुणा केळीचा बागायतदार. सहल कंपनी पुण्याची. त्यांच्याकडून कागदांची यादी आली आणि त्यात सगळ्यात वर, ठळक अक्षरांत, होतं ‘पुरेशा निधीचा पुरावा’.

पुरेसा म्हणजे किती, याची उत्तरं देशागणिक वेगळी. स्वित्झर्लंडचा हिशोब माणशी दिवसाला १०० फ्रँक. फ्रान्सचं गणित जास्त बारीक. हॉटेलचं बुकिंग नसेल तर दिवसाला १२० युरो, असेल तर ६५, आणि कुणी पाहुणा म्हणून घरी ठेवून घेणार असेल तर साडेबत्तीस. हा साडेबत्तीसचा आकडा मला फार आवडला. पाहुणा आला की त्याचा निम्मा खर्च वाचतो हे त्यांना कळलंय. यजमानाचा किती वाढतो, याचा तक्ता मात्र कुठे सापडला नाही.

शिवाय माणशी ३०,००० युरोंचा विमा. त्यात आजारपण आलं, दवाखाना आला आणि वाईट वेळ आलीच तर पार्थिव मायदेशी पोचवण्याचा खर्चही आला. हे कलम वाचून हिने देवाला नमस्कार केला. मला मात्र गावचा इतिहास आठवला. १६३१ च्या जूनमध्ये मुमताजमहल इथेच वारली. तापीपलीकडे जैनाबादच्या आहूखान्यात तिला तात्पुरतं दफन केलं आणि आग्र्याला न्यायला पुढे सहा महिने गेले. एखाद्या विमा कंपनीने एवढी दिरंगाई केली असती तर शाहजहानने ताजमहाल बांधण्याआधी ग्राहक मंच बांधला असता.

बँकेत गेलो. खिडकीतला पोरगा माझ्याच शाळेतला निघाला, त्यामुळे काम लवकर झालं. ‘सर, हर पन्ने पे सील लगेगी,’ म्हणत त्याने धडाधड शिक्के मारले. माझ्या आयुष्यातल्या कुठल्याही सहामाहीला इतके शिक्के कधी मिळाले नव्हते. ते भेंडोळं वकिलातीत जायच्या आधी घरी आलं, आणि तिथे पहिली छाननी झाली.

हिने चष्मा लावला. हातात पेन्सिल घेतली. मी शाळेत पेपर तपासताना अशी पेन्सिल कधी धरली नाही.

‘अहो, हे चाळीस रुपये कुणाला?’

‘कुठले?’

‘मंगळवारचे. आणि परत शुक्रवारचे. आणि हे पुढच्या मंगळवारचे.’

मोबाइलवरून पैसे देण्याची सोय ज्याने काढली त्याला संसार नसावा. पूर्वी खिशातली सुट्टी नोट निमूटपणे जायची आणि मागे काही ठेवून जायची नाही. आता दुकानदाराच्या नावासकट, तारखेसकट, मिनिटासकट छापून येतं. ते दुकान मावा जिलबीचं होतं. बुऱ्हाणपूरची मावा जिलबी म्हणजे काय हे ज्याला माहीत नाही त्याला समजावता येणार नाही. आणि ज्याला माहीत आहे त्याला, डॉक्टरांनी साखर बंद केलेली असताना ती आठवड्यातून दोनदा कशी पोटात जाते, हे समजावावं लागत नाही. आमची ही दुसऱ्या गटातली असूनही तिने स्पष्टीकरण मागितलं. मग तिने पेन्सिलीने त्या सगळ्या नोंदींखाली रेघा मारल्या. बँकेचा शिक्का असलेल्या कागदावर रेघा चालणार नाहीत म्हणून मी ते पानन् पान नंतर खोडरबराने साफ करत बसलो. परराष्ट्राचा कुणी अधिकारी हे वाचून माझ्याविषयी काय मत बनवेल, याची मला त्यानंतर काळजी उरली नाही. व्हायचं ते मत घरात बनलं होतं.

सहल कंपनीतल्या मुलीचा फोन आला. ‘काका, बॅलन्स मेंटेन दिसला पाहिजे हं. शेवटच्या आठवड्यात एकदम मोठी रक्कम आली की त्यांना डाउट येतो. कुणाकडून उसने आणून भरलेत असं वाटतं.’ माझी अडचण नव्हती. एक तारखेला पेन्शन येते, महिनाभर नेमाने झिरपते, जोडीला मुदत ठेवीची एक पावती आहे. एकदम मोठी रक्कम माझ्या खात्यात येण्याचा धोका मला नोकरीत असतानाही कधी नव्हता.

खरी पंचाईत मेहुण्याची झाली. त्याच्या खात्यात शिल्लक वर्षभर तळाशी आणि मग एका दिवशी एकदम मोठी रक्कम, पुढच्या चार दिवसांत ती परत गायब. वकिलातीला ज्याचा संशय येतो तो प्रकार म्हणजेच आमच्याकडची केळीची शेती. वर्षभर बाग सांभाळायची, घड कापायचे, मंडीत लिलाव व्हायचा, व्यापाऱ्याने हिशोब करायचा, आणि पैसा आला की तो खतवाल्याला, ठिबकवाल्याला, मजुरांना, रोपवाटिकेला वाटून मोकळं व्हायचं. उरलेला पैसा बँकेत ठेवला तर तो आळशी होतो असं त्याचं मत. त्याचा पैसा थोडा जमिनीत आहे, थोडा व्यापाऱ्याकडे अडकलाय, थोडा बायकोच्या गळ्यात आहे, आणि बाकीचा अर्ध्या गावाकडे उसना आहे.

‘इन्कम टॅक्सची रिटर्न तीन वर्षांची द्या,’ मुलगी म्हणाली.

‘ताई, शेतीच्या उत्पन्नावर टॅक्स नसतो,’ मेहुणा म्हणाला. ‘भरतच नाही तर देऊ काय?’

‘मग सातबारा द्या.’

इथे पुण्यात आणि आमच्यात एक सीमारेषा आडवी आली. रावेर संपलं की सातबारा संपतो. भाषा तीच, केळी तीच, पाहुणे तेच, पण मध्य प्रदेशात खसरा असतो, बी-१ असतं आणि ऋणपुस्तिका असते. ‘ऋणपुस्तिका’ हे नाव ऐकून ती मुलगी घाबरली. बिचाऱ्या काकांवर कर्ज आहे असं तिला वाटलं. ते जमिनीच्या मालकीचंच पुस्तक आहे हे पटवायला मला फोन हातात घ्यावा लागला. मग खसऱ्याचं इंग्रजी भाषांतर, मंडीच्या पावत्यांचं भाषांतर, त्यावर नोटरी. एका पावतीवर व्यापाऱ्याने घाईत ‘बाकी नंतर’ असं खरडलं होतं. तेही इमानदारीने इंग्रजीत गेलं.

माझा राग इथेच आहे. हा माणूस चौकात उभं राहून एक फोन करील तर पुढ्यातला चहा निवायच्या आत पाच लाख रुपये घेऊन कुणीतरी हजर होईल, आणि पावती मागणार नाही. याच गावच्या सराफांच्या हुंड्यांवर एके काळी आग्र्यापासून सुरतेपर्यंतचा व्यापार चालायचा. इंग्रज कंपनीच्या वखारींनीही त्या हुंड्या वापरल्या. हुंडीत असायचं काय? नाव, रक्कम, मुदत. बाकी सगळी पत. आता त्यांच्याच खंडात जायचं तर पत चालत नाही, प्रिंट लागते.

अर्थात सगळेच पाहुणे रीतसर येत नाहीत, हेही बुऱ्हाणपूरला ठाऊक आहे. १६८१ च्या सुरुवातीला संभाजी महाराजांच्या फौजेने इथली बहादुरपुऱ्यासारखी सधन पेठ लुटली, तेव्हा पुरेसा निधी त्यांनी येताना आणला नव्हता, जाताना नेला. मुक्काम मात्र अगदी अल्प मुदतीचा ठेवला आणि ठरल्याप्रमाणे परत गेले.

परत जाणं, हाच तर कळीचा मुद्दा. पैसे दाखवून भागत नाही. तुमच्या देशात मी राहणार नाही, अशी खात्री एका अनोळखी माणसाला पत्र लिहून द्यावी लागते. मी वर ‘सप्रेम नमस्कार वि. वि.’ लिहिलं होतं, ते कंपनीच्या मुलीने काढायला लावलं. परतीची कारणं म्हणून मी घर, पेन्शन, नात आणि वाचनालयाचं कार्यकारिणी सदस्यत्व असं लिहिलं. मेहुण्याने एकच वाक्य सांगितलं: ‘लिहा दाजी, बाग निसवायला आलीय, मी तिथे थांबून काय करू?’ मी ते इंग्रजीत नेताना केळफुलाशी बराच झगडलो. कागद वाचणाऱ्याने पुढे त्यातून काय अर्थ काढला, देव जाणे.

मग रात्रीच्या गाडीने मुंबई. व्हिसाच्या केंद्रात दहाही बोटांचे ठसे देतात. माझे झाले, हिचे झाले. मेहुण्याचे मशीन घेईना. उभी हयात केळीचा चीक लागून त्याची बोटं कायमची काळी पडली आहेत, आणि जी काही रेघ होती ती विळ्याच्या मुठीने घासून नेली आहे. काउंटरवरच्या मुलीने ओला रुमाल दिला. ‘काका, हात नीट पुसा ना.’ त्याने पुसले, दाखवले, पुन्हा पुसले. मग शांतपणे म्हणाला, ‘बाळा, हा चीक आहे. हा सरणावरच जाणार.’ ती बिचारी दचकली, पण तिने एकेक बोट स्वतः धरून काचेवर दाबलं आणि कसेबसे ठसे उमटवले.

फी माणशी ९० युरो, अर्ज नाकारला तरी परत मिळत नाही. २०२४ साली भारतातून शेंगेनच्या व्हिसासाठी ११ लाखांवर अर्ज गेले आणि दीड लाखाहून जास्त फेटाळले गेले. या आकड्यांचा गुणाकार मी गाडीत परतताना केला. त्या देशांकडे पुरेसा निधी आहे, याविषयी माझ्या मनात शंका राहिली नाही. आणि ज्या गावाच्या नावाने हे सगळं चालतं ते शेंगेन म्हणजे लक्झेंबर्गमधलं मोझेल नदीकाठचं एक खेडं. १९८५ च्या जूनमध्ये तिथे नदीतल्या एका बोटीवर करार झाला. आमच्या शहापूरइतकीही वस्ती नाही तिथे. आमच्या तापीत तसे करार होत नाहीत, एवढाच काय तो फरक.

पासपोर्ट आले. माझ्यात आणि हिच्यात व्हिसा चिकटवलेला, सहलीच्या दिवसांपुरता मोजून मापून. मेहुणा आणि त्याची बायको यांच्या पाकिटात एकेक छापील पत्रक, त्यावर चौकटी, आणि एका चौकटीत खूण: पुरेशा निधीचा पुरावा दिलेला नाही. म्हणजे ज्याच्याकडून मी या प्रवासाच्या बॅगा घ्यायला पैसे उसने आणले होते, तो गरीब ठरला.

ही रडवेली झाली. भाऊ येणार नसेल तर मलाही स्वित्झर्लंड नको, म्हणाली. वकिलातीला मी लिहून काढलेलं चांगलं कडक पत्र त्याला दाखवायला नेलं, तर तो ओसरीवर बसून ते पत्रक उलटसुलट बघत होता.

‘दाजी, हे पक्कं सरकारी आहे ना?’

‘हो. वकिलातीचं आहे.’

‘परदेशी सरकारने लेखी दिलंय, की माझ्याकडे पैसे नाहीत.’

‘तसंच म्हणायचं.’

‘मग सही-शिक्क्यानिशी याची एक झेरॉक्स पंचायतीत दिली,’ पत्रकाची नीट घडी घालत तो म्हणाला, ‘तर बीपीएलचं कार्ड निघेल का?’