नायगाराचं आवर्तन

दिवाळीचा फराळ डब्याच्या तळाला गेला की नगरमध्ये युरोपचा हंगाम सुरू होतो. रविवारच्या पेपरात पानभर जाहिराती. बर्फ, ट्युलिप, आयफेल टॉवर आणि त्याच्या पुढ्यात दोन्ही हात पसरून उभं असलेलं एक मध्यमवयीन जोडपं. किमतीशेजारी एक बारीक चांदणी, आणि त्या चांदणीचा अर्थ पानाच्या पार तळाशी, भिंग लावून वाचावा असा. सावेडीच्या कट्ट्यावर संध्याकाळी कुणाचा व्हिसा आला, कुणाचा अडकला, याची चर्चा सुरू होते. एकेकाळी सुट्टी म्हणजे मामाचं गाव, फार तर महाबळेश्वर. शिवाय नगरकराच्या निम्म्या सुट्ट्या दुसऱ्यांच्या सहलीतच खर्ची पडायच्या; पाहुणे आले की त्यांना शिर्डी आणि शिंगणापूर दाखवून आणायचं. २०१७ साली शिर्डीला विमानतळ झाला, पाहुणे परस्पर दर्शन घेऊन परस्पर जायला लागले, आणि आम्ही जगप्रवासाला मोकळे झालो.

गेलेले लोक परत येतात आणि सांगतात. मी ऐकतो. ऐकता ऐकता माझ्या ध्यानात आलं, की पुण्याचा माणूस परदेशात स्वच्छता बघतो, मुंबईचा माणूस गाडी वेळेवर आली का ते बघतो, आणि नगरचा माणूस पाणी बघतो. त्याला राजवाडा दाखवा, तो आधी बागेतल्या कारंज्याची पाइपलाइन कुठून आलीय ते शोधणार.

त्याचा तरी काय दोष? आमच्या जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, अकोले तालुक्यात, घाटघर-रतनवाडीला पाऊस असा कोसळतो की माणसं चार महिने घोंगडी अंगावेगळी करत नाहीत. आणि पूर्वेला पाथर्डी, जामखेड, कर्जत. तिथं आभाळ येतं, थोडं थांबतं, इकडं तिकडं बघतं आणि बीडकडे निघून जातं. त्यामुळं जुलै-ऑगस्टात पेपरातली पहिली बातमी कुठल्या पक्षाची नसते, भंडारदऱ्याची असते. धरणाची क्षमता ११,०३९ दशलक्ष घनफूट. हा आकडा प्रवरेकाठच्या पोरांना तेराच्या पाढ्याच्या आधी पाठ होतो. मुळा २६ टीएमसी. किती आलं, किती सोडलं, किती क्युसेकनं सोडलं, यावर चहाच्या टपरीवर जी भाषणं होतात ती ऐकून एखादा जलतज्ज्ञ नोकरी सोडून देईल.

तर आमची मावशी रोमला गेली. आयुष्य पाथर्डीत काढलेलं, टँकरच्या नळीला हंडा लावण्यात अख्ख्या गल्लीत पहिली. रोममध्ये रस्तोरस्ती ओतीव लोखंडाचे ठेंगणे खांब आहेत, त्यांना नाकासारखी वाकडी नळी, म्हणून त्यांचं नावच ‘नाझोने’, म्हणजे मोठं नाक. शहरात असे अडीच हजारांच्या आसपास आहेत, आणि त्यातनं पिण्याचं गार पाणी अखंड वाहत असतं. ग्रुप कोलोसियमच्या दिशेनं पुढं गेला, मावशी तिथंच थांबली. तिनं खांबाला पुढून बघितलं, मागून बघितलं, खाली वाकून बघितलं. तोटी कुठंच नाही. वाहतं पाणी सोडून पुढं जाणं तिच्या रक्तात नाही, म्हणून तिनं नळीच्या तोंडावर तळहात दाबून धरला. आता त्या नळीला वरच्या बाजूला एक बारीक भोक असतं, ते तिला काय माहीत! तिथनं जी चिळकांडी उडाली ती मावशीच्या चष्म्यावरून सरळ सेल्फी काढत असलेल्या सांगलीच्या एका बाईंच्या पदरावर. गाइड धावत आला. म्हणाला, “बरोबर केलंत आजी, प्यायची हीच पद्धत. खालून बोट लावायचं, वरच्या भोकातनं कारंजं येतं, त्याला तोंड लावायचं.”

मावशी म्हणाली, “ते कळलं. पण रात्री बंद कोण करतं?”

कुणीच करत नाही म्हटल्यावर तिचा रोमन साम्राज्याविषयीचा आदर जो उतरला तो उतरलाच. पुढं ट्रेव्ही कारंज्यात लोक नाणी टाकताना बघून तिनं नुसते हात जोडले. पाणी वाया चाललंय, आणि वर पैसेही टाकतात!

स्वित्झर्लंडविषयी मी फार लिहीत नाही, कारण तिथून आलेले सगळे एकच फोटो दाखवतात. टिटलिसवरच्या बर्फात शाहरुख-काजोलचा पुठ्ठ्याचा पुतळा उभा आहे, त्याच्या शेजारी आपले लोक शाल गुंडाळून उभे. पण ऱ्हाईन नदीचा धबधबा बघून आलेल्या आमच्या एका अकोलेकर मित्राचं म्हणणं नोंदवायला हवं. हा धबधबा उंचीला जेमतेम २३ मीटर. आमचा रंधा जवळपास त्याच्या दुप्पट. “फरक एवढाच,” तो म्हणाला, “त्यांचा बाराही महिने पडतो आणि आपला वरून सोडलं तर.” हॉलंडमध्ये तर त्याला रात्रभर झोप आली नाही. तिथले लोक शेकडो वर्षं पाणी उपसून बाहेर टाकत आलेत. ज्या स्किपोल विमानतळावर तो उतरला तिथं पूर्वी तळं होतं; १८५२ साली ते उपसून कोरडं केलं, आणि आज विमानं समुद्रसपाटीच्या तीन-चार मीटर खाली उतरतात. पाण्याचा बंदोबस्त करायला तिथं तेराव्या शतकापासून मंडळं आहेत, आणि त्यांच्या निवडणुका होतात. निवडणुकीचं त्याला नवल वाटलं नाही. साखर कारखान्याच्या जिल्ह्यातला माणूस तो. पण पाणी घालवण्यासाठी निवडणूक?

उलट दिशेची वाहतूकही आमच्याकडे जुनीच. बोअर युद्धातले कैदी १९०१ च्या सुमारास इंग्रजांनी नगरला आणून ठेवले, पहिल्या महायुद्धात जर्मन आणले. युरोपियनांच्या या ग्रुप टूर सरकारी खर्चानं झाल्या, परतीची तारीख मात्र जाहिरातीत दिलेली नव्हती. स्वखुशीनं यायला सुरुवात झाली ती अरणगावच्या मेहेरबाबांमुळे. बाबांनी १० जुलै १९२५ ला मौन धरलं ते अखेरपर्यंत सोडलं नाही, आणि या न बोलणाऱ्या माणसानं १९३१ पासून युरोप-अमेरिकेच्या वाऱ्या केल्या. १९३२ मध्ये हॉलिवूडच्या तारेतारकांनी त्यांचं स्वागत केलं. आज मेहेराबादला अमेरिकन, फ्रेंच, जर्मन माणसं सुट्टी काढून येतात, दौंड-मनमाड रेल्वेचे रूळ ओलांडून टेकडीवरच्या समाधीकडे चालत जातात. ३१ जानेवारीला, बाबांच्या पुण्यतिथीला म्हणजे अमरतिथीला, दुपारी बारा ते सव्वाबारा हजारो माणसं एकदम गप्प बसतात. ही पंधरा मिनिटं नगर जिल्ह्यात घडू शकतात यावर ज्यानं आमच्या ग्रामसभा पाहिल्यात त्याचा विश्वास बसणार नाही.

पण मला सांगायचंय ते आमच्या दाजींबद्दल. थोरल्या बहिणीचे यजमान, श्रीरामपूर तालुक्यात ऊस, प्रवरेच्या डाव्या कालव्याच्या टेलला. टेलला शेत असणं म्हणजे काय ते हेडवाल्यांना कधी कळायचं नाही. आवर्तन सुटल्याची बातमी आधी येते, मग पाटकरी येतो, मग सात नंबरचा फॉर्म भरला का याची विचारणा येते, आणि पाणी आलंच तर शेवटी, रात्री दोन वाजता. भाचा अमेरिकेत फिनिक्सला असतो. त्यानं आईवडिलांना बोलावून घेतलं आणि पहिल्यांदा नायगारा दाखवायला नेलं.

निळा प्लॅस्टिकचा रेनकोट घालून दाजी होडीत बसले, चिंब भिजले, खूश झाले. संध्याकाळी कठड्याशी उभं राहून बराच वेळ बघत होते. रंगीत दिवे लागले, लोक आ वासून उभे. दाजी भाच्याला म्हणाले, “दुपारपेक्षा धार कमी झालीय रे.”

भाचा हसला. “बाबा, आता नायगाऱ्यालाही कॉक लावा” असं काहीतरी त्याची बायकोही म्हणाली. पण पोरगं इंजिनियर. रात्री हॉटेलात त्यानं शोधलं, आणि गप्प बसलं. १९५० साली अमेरिका आणि कॅनडा यांच्यात करार झालाय. पर्यटनाच्या हंगामात, एप्रिल ते ऑक्टोबर, दिवसा धबधब्यावरून किमान एक लाख क्युसेक पाणी सोडायचं. रात्री आणि हिवाळ्यात पन्नास हजार क्युसेक पुरे. उरलेलं पाणी दोन्ही देश वीजनिर्मितीसाठी वळवतात, आणि ते नीट मोजून वळवता यावं म्हणून धबधब्याच्या वर १८ दरवाजांचा बंधारा आहे.

“मी म्हणलं नव्हतं,” दाजी म्हणाले, “वर कुठंतरी पाटकरी बसलेला असणार.”

त्या रात्री त्यांचं नायगाऱ्याशी नातं जुळलं. भंडारदऱ्याच्या भिंतीखाली आमचा अंब्रेला फॉल आहे, तो असाच. १९२६ साली पुऱ्या झालेल्या धरणाचा व्हॉल्व्ह उघडला की गोल खडकावरून छत्री उमलते, आणि बंद केला की पुण्याहून आलेले पर्यटक खडकाचा फोटो काढून परत जातात. १९६९ मध्ये नायगाऱ्याची अमेरिकेकडची बाजू इंजिनियरांनी खडक तपासायला काही महिने कोरडी केली होती, आणि तो कोरडा धबधबा बघायला मुद्दाम लोक गेले, हे कळल्यावर तर दाजींना आपल्या जिल्ह्याच्या पर्यटनाचं भवितव्यच दिसलं. कोरडे धबधबे आपल्याकडे म्हणाल तेवढे.

पुढं हूवर धरण. २२१ मीटर उंचीची भिंत, मागं लेक मीड, आणि तलावाच्या कडेनं डोंगरावर पांढराफटक पट्टा, पाणी पूर्वी कुठवर होतं ते दाखवणारा. बाकीचे प्रवासी भिंत बघत होते, दाजी पट्टा बघत होते. तसा पट्टा त्यांनी मुळा धरणाला दर मे महिन्यात पाहिलाय. भाच्यानं सांगितलं, की कोलोरॅडो नदीचं पाणी १९२२ मध्ये सात राज्यांनी वाटून घेतलं, पण हिशेब मांडला तो चांगल्या पावसाच्या वर्षांवरून. कागदावर पाणी जास्त, नदीत कमी. वरची राज्यं, खालची राज्यं, कोर्टकज्जे, आणि अगदी टेलला मेक्सिको. नदी समुद्राला क्वचितच मिळते. हे ऐकताना दाजींचा चेहरा गावाकडचं कुणी भेटल्यासारखा खुलत गेला. मग त्यांनी तिथंच भिंतीवर उभं राहून नगर-नाशिक विरुद्ध मराठवाडा, पाणीवाटपाचा २००५ चा कायदा आणि जायकवाडीचे ६५ टक्के हे सगळं प्रकरण समजावून सांगितलं. शेजारी उभ्या असलेल्या एका जपानी जोडप्यानंही शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

मेक्सिकोविषयी मात्र ते हळवे झाले. टेलचा माणूस टेलच्या माणसाला ओळखतो.

फिनिक्स म्हणजे वाळवंट. पण भाच्याचं घर जुन्या वस्तीत आहे, आणि तिथल्या काही घरांना अजून कालव्याचं पाणी मिळतं. सॉल्ट रिव्हर प्रोजेक्ट ही १९०३ पासूनची संस्था, धरणं तिची, कालवे तिचे. उन्हाळ्यात साधारण पंधरवड्यानं पाळी येते, चारीवरचं दार उघडायला संस्थेचा माणूस असतो, त्याला तिथं ‘झांहेरो’ म्हणतात, आणि आपल्या अंगणातला व्हॉल्व्ह घरमालकानं स्वतः उघडायचा. अंगणाला चारी बाजूंनी बुटका बांध घातलेला; हिरवळीत घोटाभर पाणी भरून द्यायचं. वेळ संस्था ठरवेल ती.

भाच्यानं हे वडिलांना सांगितलं नव्हतं. त्याला त्यात सांगण्यासारखं काही वाटलंच नव्हतं. त्याच्या वाट्याचं पाणी तो घेतच नाही. रात्री दोनच्या सुमाराला दाजींना जाग आली. पाण्याचा आवाज. हा आवाज झोपेत ओळखायला त्यांना चाळीस वर्षांची सवय. खिडकीतनं बघतात तर शेजारचा गोरा म्हातारा, अर्धी चड्डी, पायात गमबूट, हातात बॅटरी, अंगणात उभा. दारं धरतोय!

दाजी चप्पल न घालता बाहेर गेले. भाषेची अडचण आली नाही, कारण बोलण्यासारखं काही नव्हतंच. भाच्याच्या अंगणाच्या बाजूला बांध एका जागी फुटला होता, पाणी फुकट इकडं येत होतं. म्हाताऱ्यानं बॅटरी धरली, दाजींनी त्याचंच फावडं घेतलं, चार ढेकळं उचलली, बांध नीट लिंपला आणि टाचेनं दाबला. मग दोघंही पायरीवर बसले. म्हाताऱ्यानं थर्मासमधली कॉफी दिली. अंगण भरेपर्यंत दाजी उठले नाहीत.

सकाळी ग्रँड कॅनियनला निघायचं होतं. दाजी गाडीत मागच्या सीटवर घोरत गेले आणि घोरत आले, कठड्याशी पाचेक मिनिटं उभे राहिले, खोल तळाशी चमकणाऱ्या नदीकडे बोट करून “हीच का ती?” एवढं विचारून परत बसले. घरी आल्यावर त्यांनी भाच्याला शेजाऱ्याकडे पिटाळलं, पुढची पाळी कधी ते विचारायला. पाळी परतीच्या तिकिटानंतर चार दिवसांनी होती. दाजींनी तिकीट पुढं ढकलायला लावलं. ताईला कारण सांगितलं, डिस्नेलँड बघायचं राहिलंय.