काठी उगारावी, पण सावकाश

डॉक्टरांनी ‘आता काठी घ्या’ म्हटले की नाशिकचा निवृत्त गृहस्थ आधी डॉक्टर बदलतो. गुडघा कुरकुरतो, चालताना झोक जातो, जिना उतरताना कठडा सुटत नाही; पण काठी म्हणजे म्हातारपणावर सही-शिक्का, हे त्याचे मत काही बदलत नाही. त्याच गृहस्थाला ‘हे चिनी युद्धकलेतले शस्त्र आहे’ एवढेच सांगून पाहा. दुसऱ्या दिवशी पहाटे कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर तो सशस्त्र हजर! प्रस्तुत मार्गदर्शन अशा होतकरू योद्ध्यांसाठी आहे.

प्रथम शस्त्राचे माप. रोजचे बूट घालून ताठ उभे राहावे, हात सैल सोडावेत. मूठ मनगटाच्या घडीपाशी आली की काठी आपली. त्याहून उंच घेतली तर खांदा वर चढतो आणि योद्धा दिवसभर ‘मला काय ठाऊक’ म्हणत असल्यासारखा दिसतो. खालचे रबरी बूच झिजून गुळगुळीत झाले असेल तर ते आधी बदलावे. गोदाघाटाच्या ओल्या पायऱ्यांवर पडायला शत्रूची गरज लागत नाही. काठी धरायची ती दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात, आणि टाकायची दुखऱ्या पायाबरोबर. पुष्कळ जण दुखरी बाजू तीच काठीची बाजू असा हिशेब मांडतात. तो चुकीचा आहे, पण त्यांना ट्रॅकवर तसे सांगू नये. ते वयाने मोठे असतात आणि त्यांच्या हातात काठी असते.

आता कोणी विचारेल, काठीसाठी चीनपर्यंत कशाला जायचे? डॉ. मुंज्यांनी १९३७ साली काढलेली भोसला सैनिकी शाळा इथलीच. त्र्यंबक रोडला पोलीस अकादमी आहे, म्हणजे लाठीचेही माहेर इथेच. एवढेच काय, इंडियन पोलिसातल्या एच. जी. लँग नावाच्या साहेबाने चालायच्या काठीने स्वसंरक्षण कसे करावे, यावर १९२३ साली सबंध पुस्तक लिहून ठेवले आहे. सगळे मान्य. पण या सगळ्यांत समोरच्याला पटकन मारायचे असते, आणि आपल्याला पटकन असे काहीच करता येत नाही. ताय ची ही चिनी युद्धकला मात्र आपल्याच वेगाने चालते. चीनच्या क्रीडा खात्याने १९५६ साली चोवीस हालचालींचा सुटसुटीत संच बसवला. सगळा केला तरी पाच-सहा मिनिटे लागतात. हा संच मुळात रिकाम्या हाताचा. काठीचे वेगळे संच आहेत, पण नवशिक्याने यातच काठी सोबतीला न्यावी. घरचे हसले तर त्यांना सांगावे की अमेरिकेत ओरेगॉनमध्ये पार्किन्सनच्या रुग्णांवर अभ्यास झाला, तो २०१२ साली छापून आला, आणि ताय ची करणाऱ्यांचे पडणे त्यात कमी झाले होते. यावर घरचे ‘बरं, दूध आणा’ म्हणतात.

गुरू यूट्यूबवर भेटतो. फोन झाडाच्या बुंध्याला टेकवून ठेवावा. तो आडवा पडेल. उचलून पुन्हा ठेवावा. गुरू आपल्याकडे तोंड करून उभा असेल तर त्याचा डावा तो आपला उजवा, हे पहिल्या आठवड्यात लक्षात येत नाही. पुढे संचात वळण येते आणि फोन पाठीमागे जातो. तेव्हा मान मागे वळवून पाहू नये; तिथपासून पुढचे पाठ असावे लागते.

खरी विद्या मात्र पायात आहे, आणि तिथे थट्टा नाही. या कलेत एक पाय भरलेला असतो, एक रिकामा. सगळे वजन एका पायावर गेल्याशिवाय दुसरा उचलायचाच नाही. उचललेल्या पायाची टाच आधी नुसती टेकवायची, जमीन आहे ना याची खात्री करून घ्यायची, आणि मग वजन थोडे थोडे तिकडे सोडायचे. गुडघा पावलाच्या टोकापुढे जाऊ द्यायचा नाही. श्वास कोंडायचा नाही. काठीवर ओठंगून उभे राहायचे नाही. मूठ हलकेच धरायची. कॉलेज रोडच्या फुटपाथवर, जिथे फरशी सरळ आहे की डुगडुगते हे पाय पडल्यावरच कळते, तिथे हे एवढे आले तरी साधना फळली म्हणावी.

संचात ‘माकडाला मागे सरत पिटाळणे’ अशी एक हालचाल आहे, चार वेळा करायची. ब्रह्मगिरी चढलेल्या माणसाला ती शिकवावी लागत नाही. प्रसादाच्या पिशवीवर नजर ठेवून माकड समोर बसले की नाशिककर आपोआप एकेक पाऊल मागे घेतो, एक हात पुढे, एक कमरेशी, नजर माकडावर. फक्त तो तेव्हा ओरडतो. ओरडणे संचात नाही.

कुत्र्यांचे अवघड आहे. काठी उगारली की कुत्रे पळते, हा आपला पिढीजात अनुभव. पण ताय चीतली काठी कमरेपासून खांद्यापर्यंत पोचेस्तोवर कुत्रे दोनदा भुंकते, विचार बदलते, खाली बसून कान खाजवते आणि प्रेक्षक होते. यालाही विजयच धरावे. पंचवटीत सराव करणाऱ्यांनी एक पथ्य पाळावे: भगवा पंचा खांद्यावर घेऊ नये. २०२७चा सिंहस्थ तोंडावर आहे. डोळे मिटून, दंड धरून हळूहळू हलणाऱ्या माणसाच्या लोक पाया पडू लागतात आणि मग वाकलेल्या भक्तावरून पाऊल टाकावे लागते. ती हालचाल चोवीसांत नाही.

अंतिम परीक्षा पहाटे, दुसऱ्याच्या कुंपणाशी. काठीला वाकडी मूठ कशासाठी असते, हे फुले गोळा करत फिरणाऱ्या आजोबांइतके कोणाला कळलेले नाही. मागच्या पायावर पक्के उभे राहावे. खांदे खाली. काठी उलटी धरून मूठ जास्वंदीच्या फांदीमागे न्यावी आणि हाताने न ओढता कमरेनेच मागे यावे. हिसका दिला तर पाने सळसळतात आणि आतला दिवा लागतो. फांदी खाली आली की मोकळ्या हाताने फूल काढावे, आणि फांदी जशी आणली तशीच परत पोचवावी. सोडून दिली तर तीच युद्धकला तोंडावर येते.

तरीही मालकीणबाई खिडकीत दिसल्याच, तर मध्येच थांबू नये. त्याच वेगाने काठी खाली आणावी, त्यांच्याकडे न पाहता श्वास सोडावा आणि ‘ढगांसारखे हात’ सुरू करावे. ही हालचाल डावीकडे, आडव्या पावलांनी जाते, संचात तीन वेळा. इथे ती हवी तेवढी करावी. डावीकडच्या बंगल्यात तगर आहे.