खारीची चौथाई

महाराजपूरला राहतो म्हटलं की पुण्याचे पाहुणे आपोआप ताठ बसतात. इथे आल्यावर सैल होतात. जबलपूरच्या उत्तर टोकाला, अधारतालच्या पुढे, शेतं संपता संपता फ्लॅट उगवले आहेत, त्यातल्या एकात दुसऱ्या मजल्यावर आम्ही राहतो. खिडकीबाहेर कडुनिंब आहे. गॅलरी एवढी आहे की आरामखुर्ची मावते किंवा मी मावतो, आणि खुर्चीत मी बसलो की वहिवाट बंद.

इथल्या हिवाळ्याची पुणेकरांना कल्पना नाही. जानेवारीत पारा सहा-सातवर येतो, सकाळी धुक्यात कडुनिंबसुद्धा दिसत नाही, आणि घरं बांधलेली असतात ती मेच्या उन्हाचा विचार करून. अशाच एका सकाळी मी कानटोपी घालून चहा पीत होतो, तर समोरच्या फांदीवर एक खार अंग फुगवून बसलेली दिसली. शंभरेक ग्रॅमचा जीव. मी तिच्याकडे पाहिलं, तिने माझ्या कानटोपीकडे पाहिलं. त्या नजरेचा अर्थ मला फार उशिरा कळला.

"अगं, या खारीची सोय करायला हवी," मी आत येऊन जाहीर केलं.

"अहो, बाथरूमच्या गळक्या नळाची सोय ऑक्टोबरपासून करायची आहे," ही म्हणाली.

नातीने मात्र उचलून धरलं. ती नववीत आहे आणि हिंदीच्या पुस्तकात तिला महादेवी वर्मांचा 'गिल्लू' धडा आहे. कावळ्यांच्या चोचीतून वाचलेलं खारीचं पिल्लू लेखिकेच्या घरात दोन वर्षं राहतं, खिडकीत टांगलेल्या कापसाच्या टोपलीत झोपतं आणि काजू खातं. तेव्हा आमच्या खारीचं नाव गिल्लू ठेवावं आणि काजू आणावेत, असा तिचा प्रस्ताव. नाव ठीक आहे म्हटलं, काजू पेन्शनीत बसत नाहीत. नावालाही आतून हरकत आली. "आपल्या घरात ती खारूताईच. शाळेत काय म्हणायचं ते म्हण." तीन पिढ्या जबलपुरात काढलेल्या घरात मराठी अशीच टिकते, एकेका खारीच्या जोरावर.

अमेरिकेतल्या भाच्याने फोनवर बजावलं, "मामा, ती आता हायबरनेट करेल, डिस्टर्ब करू नका." तिकडच्या बिळात राहणाऱ्या काही खारी हिवाळाभर झोपतात, हे खरं. आमची पाच पट्ट्यांची खार झोपत नाही, फक्त उशिरा उठते. गारठ्यात घरट्यात पडून राहते, ऊन वर आलं की बाहेर पडते, खाते, पुन्हा उन्हात बसते. निवृत्त माणसाला हा दिनक्रम समजावून सांगावा लागत नाही.

पट्ट्यांचंही सांगायला हवं. सेतू बांधताना रामाने खारीच्या पाठीवरून तीन बोटं फिरवली, ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. दक्षिणेतल्या खारीला तीनच पट्टे असतात, तेव्हा हिशेब जुळतो. उत्तरेतल्या खारीला पाच. म्हणजे जिने वाळू वाहिली तिला तीन बोटं आणि जी इकडे शेंगा खात बसली तिला अख्खा पंजा. हरिशंकर परसाई याच गावात राहून गेले, त्यांना सरकारी कारभारावर लिहायला विषय कसे सुचत असतील हे मला तेव्हा कळलं.

मी आयुष्यभर गन कॅरेज फॅक्टरीत मापं तपासली. १९०४ सालचा कारखाना, तिथे 'साधारण एवढं' हा शब्दप्रयोग चालत नाही. त्यामुळे खारीचं घर कागदावर उतरायलाच दोन दिवस लागले. कपाटातून उरलेलं प्लायवूड, बारा इंच उंची, आठ बाय आठचा तळ, पूर्वेला दोन इंचांचं गोल दार, पुढे उतरतं छप्पर. दाराचं माप व्हर्नियरने घेतलं. ही म्हणाली, "तिला बोलावून शिंप्यासारखी मापं घ्या की." आत जुन्या रजईतला कापूस भरला आणि पेटी गॅलरीच्या कठड्याला तारेने आवळून बसवली. खाली चौकीदार शेकोटी पेटवून बसला होता. "काय बड्डे, जे का बना रए?" त्याने विचारलं. 'काय' या शब्दावर मराठीचा एकटीचा हक्क आहे असं मानणाऱ्यांनी जबलपूरला जरूर यावं.

तिसऱ्या दिवशी खारूताई आल्या. छपरावरून फिरल्या, दारातून डोकावल्या, आत गेल्या. मी श्वास रोखला. मिनिटभराने बाहेर आल्या त्या तोंडात कापसाचा गोळा घेऊन, स्वतःच्या डोक्यापेक्षा मोठा. पुढच्या दोन पायांनी त्यांनी तो आत आत दाबून बसवला, पिंजाऱ्याकडे उमेदवारी केल्यासारखा, आणि कठड्यावरून कोपऱ्याला वळून दिसेनाशा झाल्या. दुपारपर्यंत पेटी रिकामी. मी पुन्हा भरली. पुन्हा रिकामी. आठवडाभर हा व्यवहार चालला. घर म्हणून बांधलेल्या वास्तूचं गोदाम झालं होतं आणि मी हमाल.

मग घरातल्या वस्तू जायला लागल्या. माझ्या कानटोपीचा गोंडा गेला, त्याचा आळ नातीवर आला. पायपुसण्याची एक कड उसवली गेली. आणि एका सकाळी हिने देवासमोरून हाक मारली, "अहो, माझ्या फुलवाती कुठे आहेत?" पिवळ्या डब्यात एकशेआठ फुलवाती वळून ठेवल्या होत्या. डबा खिडकीत उघडा, आत सात-आठ वाती. त्यातली एक आमच्या देखत निघाली, पडद्यावरून चढून, गजांतून बाहेर. आम्ही तिघंही खिडकीला नाक लावून उभे राहिलो.

खारूताई बेडरूमच्या खिडकीत गेल्या. तिथे लोखंडी स्टँडवर आमचा कूलर आहे, दिवाळीपासून जुन्या ताडपत्रीत गुंडाळलेला. विदर्भातल्या वाचकाला कूलर सांगायला नको. पुण्या-मुंबईकरांसाठी सांगायचं तर पत्र्याची पेटी, तीन बाजूंच्या जाळ्यांत लाकडाच्या बारीक तासांचा गादीसारखा थर, ज्याला इकडे नुसतं घास म्हणतात. वर ताडपत्री, मागे आमच्या बेडरूमची भिंत. कोरडं, उबदार, मांजराला अशक्य. काखेत कळसा होता आणि मी व्हर्नियर घेऊन गावाला वळसा घालत होतो.

मला वाटलं, आता देवाच्या वातींवरून महाभारत होणार. ही दोन मिनिटं काही बोललीच नाही. संध्याकाळी पाहतो तर वाती वळताना एक छोटा ढीग बाजूला पडत होता. "तो कोणाचा?" "देवाचा नाही," एवढंच उत्तर आलं. त्या न वळलेल्या, नुसत्या पिंजलेल्या होत्या. वळायचे कष्ट खारीसाठी कोण घेणार.

याच दिवसांत मटार येतो. जबलपूरचा मटार देशभर जातो, आणि जो जात नाही तो आमच्या गॅलरीत पोत्याने येतो. फ्रीजरसाठी सोलायचं काम माझ्याकडे. खारूताई हातभर अंतरावर येऊन बसत, एक शेंग उचलत, दोन हातांत बासरीसारखी आडवी धरत आणि शिवण उसवावी तशी उघडत. माझ्या दोन शेंगा होईपर्यंत त्यांच्या तीन. आम्ही मीठ लावलेलं किंवा तळलेलं काही दिलं नाही. कच्चे शेंगदाणे, मटार आणि मातीच्या झाकणीत पाणी. ढिगातला एक हिस्सा दररोज जायचाच. १७४२ साली नानासाहेब पेशव्यांनी मंडल्यावर स्वारी करून गढा-मंडल्याच्या गोंड राज्यावर चौथाई बसवली. गढा आता जबलपूर शहरातच आलं आहे. वसुली उशिरा का होईना, उलट दिशेने सुरू झाली होती, आणि जवळपास दिसणारं एकमेव मराठी घर आमचं.

होळी झाली, ऊन तापलं. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात कूलरवाला घास बदलायला आला. ताडपत्री काढली, मागची जाळी दोन इंच सरकवली, आत पाहिलं आणि जाळी होती तशी लावली. "बच्चे हैं," तो कुजबुजला. स्क्रूड्रायव्हर खिशात ठेवून चहा पिऊन गेला, पैसे घेतले नाहीत. पिल्लं तीन होती, गुलाबी, डोळे मिटलेली.

मेच्या मध्यापर्यंतचे दिवस आम्ही पंख्याखाली काढले. पारा बेचाळीसच्या वर. पुण्याच्या आत्याला फोनवर सांगितलं, कूलर आहे पण भाड्याने दिलाय. तिने भाडं किती विचारलं. रात्री ओला पंचा अंगावर घेऊन झोपायचं आणि पहाटे भिंतीपलीकडून चिक्-चिक् ऐकत उठायचं. चौकीदार रोज खालून विचारायचा, "खाली भओ का?"

एके दिवशी चौघं कठड्यावरून ओळीने कडुनिंबावर गेली आणि परतली नाहीत. कूलर उघडला. घासेच्या मधोमध नारळाएवढं गोल घरटं. अर्धी रजई, पायपुसण्याचे धागे, मधोमध माझा निळा गोंडा, आणि आतून सगळीकडे फुलवातींचं अस्तर, फारशा न मळलेल्या. प्लायवूडची पेटी कठड्यावर कोरी करकरीत उभी होती.

हिने वाती एकेक करून वेचल्या, ऊन दाखवलं, हाताने झटकल्या.

"आता या देवाला चालायच्या नाहीत," असं म्हणून तिने त्या माझ्या पेटीत भरल्या आणि दाराला कागदाचा बोळा लावला. "दिवाळीनंतर काढा तो. आणि नळाचं काय झालं?"